साइड देणारे दिवे

वडखळचा नाका सोडून अलिबागच्या रस्त्याला लागलं, की दोन वेगळ्या जगांतली वाहनं एकाच डांबरपट्टीवर येतात. खडी, विटा, सिमेंट, थळच्या कारखान्याचं खत आणि बर्फातली मासळी वाहणाऱ्या गाड्या एकीकडे. शनिवार-रविवार गाठून समुद्राकडे निघालेल्या मुंबई-पुण्याच्या मोटारी दुसरीकडे. धरमतरची खाडी, पोयनाडची बाजारपेठ, मग कार्ले खिंडीची वळणं. पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर समोरून येणाऱ्याच्या हद्दीत शिरायचं, काम उरकायचं आणि वेळेत परत आपल्या बाजूला यायचं.

अशा वेळी शहरातून आलेला चालक एका गोष्टीने हमखास बुचकळ्यात पडतो. पुढच्या ट्रकचा डावा इंडिकेटर लुकलुकतोय, पण डावीकडे वळायला रस्ताच नाही. नुसती खाजणं आणि भातखाचरं. इंडिकेटर बंद करायचा राहिला असेल, असं म्हणून तो ट्रकच्या मागेच राहतो. तेवढ्यात त्याच्या मागची पिकअप दोनदा लाईट मारते, उजवीकडून बाहेर पडते आणि दोघांनाही मागे टाकून निघून जाते. पिकअपवाल्याने तो दिवा वाचलेला असतो. ट्रकवाला म्हणत होता, ‘समोर मोकळं आहे, ये.’

लायसन्सच्या परीक्षेत ही भाषा कुणी विचारत नाही. ड्रायव्हर ती क्लीनर असताना शेजारच्या सीटवर बसून शिकतात. बाकीच्यांनी ती निदान वाचायला शिकावी, कारण चुकीचा अर्थ लावला तर तो दुरुस्त करायला रस्त्यावर वेळ मिळत नाही.

बावीस सेकंदांचा हिशेब

ओव्हरटेक हे किती मोठं काम आहे, ते आधी आकड्यांत पाहू. भरलेला ट्रक ताशी ४० किलोमीटरने चालला आहे आणि मागची लोड पिकअप ५० ने जाऊ शकते. फरक ताशी १० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. मागचं अंतर, ट्रकची लांबी, पिकअपची स्वतःची लांबी आणि पुढे जाऊन डावीकडे परत यायला लागणारी जागा, हे सगळं मिळून पिकअपला साठेक मीटर जास्तीचे कापायचे असतात. त्याला सुमारे २२ सेकंद लागतात. एवढ्या वेळात पिकअप स्वतः ३०० मीटर पुढे गेलेली असते आणि समोरून ताशी ६० ने येणारी एसटी ३६० मीटर जवळ आलेली असते. थोडक्यात, बाहेर पडताना समोरचा ६६० मीटर रस्ता रिकामा हवा. मोटार ताशी ६० ने जात असेल तर तिचं काम दहा सेकंदांत होतं. तरीही सव्वातीनशे-साडेतीनशे मीटर लागतातच.

रस्ते आखणाऱ्या इंजिनिअरांनीही हा हिशेब केलेला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर सुरक्षित ओव्हरटेकसाठी किती अंतरापर्यंत दिसलं पाहिजे त्याचा तक्ता आहे: ताशी ६० किलोमीटरला ३०० मीटर, ८० ला ४७० आणि १०० ला ६४०. ओव्हरटेक करणारं वाहन पुढच्यापेक्षा ताशी १६ किलोमीटरने वेगवान आहे, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. दोन भरलेल्या गाड्यांमध्ये एवढा फरक क्वचितच असतो, म्हणून त्यांना तक्त्यापेक्षा जास्त रस्ता लागतो.

आता मागच्याला दिसतं किती ते पाहू. त्याच्यासमोर ट्रकच्या हौद्याची भिंत असते. रात्री डिपरवर, म्हणजे खाली वळवलेल्या झोतात, उजेड पडतो चाळीस-पन्नास मीटर; अप्परवर, म्हणजे वर उचललेल्या झोतात, फार तर शंभर-दीडशे. रस्ता सरळ असला तर समोरून येणाऱ्याचे दिवे लांबूनच कळतात. कार्ले खिंडीसारख्या वळणावर ते अगदी जवळ आल्यावर दिसतात. याउलट पुढचा ट्रकवाला उंच केबिनमध्ये बसलेला असतो, त्याच्यासमोर आडोसा नसतो, आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे रस्त्याच्या मधल्या रेषेला तो जवळ असतो. मागच्याला हवी असलेली माहिती त्याच्यापाशी तयार असते. मागच्याने ती मागायची आणि पुढच्याने ती द्यायची, एवढ्यासाठी ही दिव्यांची भाषा आहे.

हात होता तेव्हा

हा रिवाज ड्रायव्हरांनी हवेतून काढलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ मध्ये रस्त्याचे नियम आले. त्यांत हाताच्या खुणा एकेक करून लिहिल्या होत्या. थांबायचं असेल तर उजवा हात कोपरातून उभा धरायचा. वेग कमी करायचा असेल तर हात आडवा बाहेर काढून तळवा खाली करून वरखाली हलवायचा. एक खूण खास मागच्यासाठी होती: तू पुढे जा, असं सांगायचं असेल तर उजवा हात आडवा बाहेर काढून मागून पुढे अर्धवर्तुळात हलवायचा. जुन्या ट्रकवाल्यांचा खिडकीबाहेर झुलणारा हात आठवून पाहा. तो नियमातल्या वर्णनाबरहुकूम असायचा.

त्याच नियमांत ओव्हरटेकवर बंधनंही होती. इतर वाहतुकीला धोका किंवा अडचण होणार असेल तर जाऊ नये. वळणावर, चढावर, पुढचं नीट दिसत नसेल तिथे जाऊ नये. मागच्याने आपल्याला ओव्हरटेक करायला सुरुवात केली असेल तर आपण बाहेर पडू नये. आणि चौथं बंधन: पुढच्या चालकाने पुढे जाण्याची खूण केली नसेल तर जाऊ नये. म्हणजे पुढच्याचा होकार ही ओव्हरटेकची एक अट होती. मात्र ती पहिल्या तिन्हींच्या जोडीला होती. होकार मिळाला म्हणून वळण सरळ होत नव्हतं आणि समोरची एसटी थांबत नव्हती. पुढच्याने हो म्हटल्याशिवाय जाऊ नये, आणि त्याने हो म्हटलं एवढ्यावरच जाऊ नये. दिव्यांच्या भाषेचं सगळं व्याकरण या दोन वाक्यांवर उभं आहे. ओव्हरटेक होत असताना पुढच्याने वेग वाढवायचा नाही, मागच्याची वाट अडवायची नाही, हेही तिथे लिहिलेलं होतं. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या मोटार वाहन चालन नियमांनी घेतली.

हाताचं काम दिव्याकडे यायला बराच काळ गेला. मूकपटांच्या जमान्यातली अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४ च्या सुमारास मोटारीच्या मागे बटणाने वर येणारा सिग्नलचा हात बसवला होता; त्याचं पेटंट तिने घेतलं नाही. अमेरिकेत ब्युइक कंपनीने १९३९ मध्ये लुकलुकणारे इंडिकेटर गाडीसोबतच द्यायला सुरुवात केली. आज आपल्या नियमांप्रमाणे इंडिकेटर अंबर रंगाचा हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. यापेक्षा सावकाश लुकलुकला तर मागच्याच्या लवकर लक्षात येत नाही. फार भराभर लुकलुकला तर सलग पेटल्यासारखा भासतो.

ट्रकला डावीकडूनही एक हात होता, तो क्लीनरचा. डावी बाजू ड्रायव्हरला नीट दिसत नाही, तिथले डोळे क्लीनरचे. तो दारावर थाप मारून ‘जाऊ दे’ किंवा ‘थांब’ सांगतो, मागच्या मोटारसायकलवाल्याला हाताच्या खुणेने थांबवून धरतो आणि गरज पडली तर खाली उतरून वळणावर उभा राहतो. हे दोन्ही हात आता आत जाऊ लागले आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. एप्रिल-मे महिन्यांत इंजिनाशेजारी बसून भाजून निघणाऱ्या माणसाला ती केव्हाच मिळायला हवी होती. पण काच बंद झाली की हात बाहेर येत नाही आणि सगळं बोलणं दिव्यांवर येतं. त्यामुळे दिव्यांचा अर्थ पक्का असण्याची गरज वाढली आहे.

एक ओव्हरटेक, जवळून

रात्री पोयनाड मागे पडलं आहे. विटांनी भरलेला ट्रक अलिबागकडे चालला आहे. त्याच्या मागे मासळीची रिकामी पिकअप. पहाटेच्या आत तिला बंदरावर पोचायचं आहे.

पिकअपवाला आधी अंतर राखून थोडा उजवीकडे सरकतो, म्हणजे तो ट्रकच्या आरशात येतो. आरशात न आलेल्या गाडीने लाईट मारून उपयोग नसतो. मग तो दोनदा डिपर मारतो: साइड मागतो. ट्रकचा उजवा इंडिकेटर लागतो. समोरून काहीतरी येतंय. पिकअप निमूटपणे पुन्हा मागे दबते. वळणावरून एसटीचे दिवे येतात. ट्रकवाला अप्परचा डिपर करतो, एसटीवालाही करतो. ट्रकचा उजवा इंडिकेटर अजून चालूच आहे. आता तो एसटीवाल्यासाठी आहे. आपल्या गाडीची उजवी कड कुठे संपते, हे तो पुढच्या इंडिकेटरने दाखवतोय. अरुंद रस्त्यावर काळोखात दोन रुंद गाड्या हातभर अंतरावरून जाताना त्या लुकलुकणाऱ्या ठिपक्याचा मोठा आधार असतो.

एसटी जाते. उजवा इंडिकेटर बंद होतो. ट्रक क्षणभर काहीच सांगत नाही, कारण एसटीच्या मागून आणखी कुणी येतंय का ते त्याला पाहायचं आहे. हा थांबा चांगल्या ड्रायव्हरची ओळख. मग ट्रकची डावी चाकं साइडपट्टीच्या कडेला लागतात आणि डावा इंडिकेटर सुरू होतो. वेग तोच राहतो, ब्रेकचे दिवे लागत नाहीत.

पिकअपवाला तरीही बाहेर डोकावून स्वतः बघतो. मग उजवा इंडिकेटर देतो, हॉर्न एकदा तोकडा वाजवतो आणि निघतो. ट्रकवाला ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलतो. ओव्हरटेकचे काही सेकंद वाचले तर ते दोघांच्याही फायद्याचं. पिकअप पुढे आली की ट्रकवाला अप्परवर असेल तर डिपरवर येतो, नाहीतर त्याचा सगळा झोत पिकअपच्या आरशांत घुसेल. काही ड्रायव्हर इथे एकदा लाईट मारतात: तुझी पाठ सुटली, आता आत घे. पिकअप डावीकडे येते आणि हॉर्नच्या एका टिचकीने आभार मानते.

ब्रिटनमध्ये लांब ट्रेलर चालवणाऱ्यांत हाच शेवटचा भाग जुना आणि पक्का आहे. मागे पडलेला ट्रक दिवे मिचकावून सांगतो की तुझा ट्रेलर पूर्ण पुढे गेला. पुढचा डावा-उजवा इंडिकेटर देऊन आभार मानतो. ट्रेलरचं शेपूट कुठे आहे हे स्वतःच्या आरशातून नेमकं कळत नाही. ही अडचण सगळ्या देशांत सारखीच, म्हणून तोडगाही सारखाच निघाला.

उजवा लागला की

या भाषेतली खरी पंचाईत अशी, की इंडिकेटरचं सरकारी काम वेगळं आहे. तो वळण्यासाठी आहे. ड्रायव्हरांनी त्याला दुसरं काम दिलं, पण पहिलं काढून घेतलं नाही. पोयनाडच्या बाजारात ट्रकचा डावा इंडिकेटर लागला तर तो ‘ये’ म्हणतोय की वखारीत वळतोय?

इथे दिवा एकटा वाचून चालत नाही. ट्रकचं अंग वाचावं लागतं. डावा इंडिकेटर, वेग कायम, चाकं साइडपट्टीकडे आणि डावीकडे वळायला जागा नाही: बोलावतोय. डावा इंडिकेटर, ब्रेकचे लाल दिवे, वेग उतरतोय आणि पुढे पेट्रोल पंप, ढाबा किंवा गावाचा फाटा: वळतोय. तरीही घाई नको. लांब गाडी अरुंद फाट्यावर डावीकडे वळताना आधी उजवीकडे झोकांडी घेते, कारण तिची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात. डावा दिवा बघून उजवीकडून घुसलेली मोटार नेमकी त्या झोकांडीत सापडते.

उजव्याचं कोडं त्या मानाने सोपं आहे. उजवा इंडिकेटर म्हणजे एक तर समोरून कुणी येतंय, येऊ नकोस. किंवा मी स्वतः दुसऱ्याला ओव्हरटेक करतोय. किंवा मी उजवीकडे वळतोय. तिन्ही अर्थांचं उत्तर एकच: मागे राहा. अर्थ कळला नाही तरी कृती चुकत नाही. डाव्या दिव्याला शंका घ्यावी, उजव्याला घेऊ नये, एवढं एक सूत्र नवख्याला पुरतं.

या सूत्रालाही एक भोक आहे. काही ड्रायव्हर उजवा इंडिकेटर ‘उजवीकडून ये’ अशा अर्थानेही वापरतात. रायगडात ही अडचण उरण-पनवेल पट्ट्यात जास्त जाणवते. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि देशभरातले कंटेनर ट्रेलर इथल्या रस्त्यांवर आले. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, तमिळनाडू इथले ड्रायव्हर आपापल्या सवयी घेऊन येतात. बोलीभाषा बदलावी तशी दिव्यांची भाषाही बदलते, पण बोलणारा अनोळखी आहे हे त्याच्या नंबरप्लेटशिवाय कशावरूनच कळत नाही. मेक्सिकोतही हाच घोळ आहे. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि ओव्हरटेक डावीकडून होतो. मोकळ्या रस्त्यावर पुढच्या ट्रकचा डावा इंडिकेटर म्हणजे ‘रस्ता मोकळा, जा’. पण तोच दिवा डावीकडे वळण्याचाही. परक्या माणसाला दोन्हींतला फरक सांगणारी पाटी कुठेच नसते.

म्हणून परक्या नंबरची गाडी पुढे असेल तर जाणता ड्रायव्हर तिला आधी पारखतो. समोरून एखादं वाहन येऊन जाईपर्यंत मागे राहतो आणि त्या वेळी तिने कोणता दिवा लावला ते बघतो. एकदा कळलं की पुढचं बोलणं सोपं.

अप्पर आणि डिपर

ट्रकच्या पाठीवर दोन विनंत्या वर्षानुवर्षं रंगवलेल्या दिसतात. दिवसासाठी ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि रात्रीसाठी ‘यूज डिपर ॲट नाइट’. दोन्ही पुढच्याने मागच्याला केलेल्या: मी तुला बघू शकत नाही, तू आहेस हे मला कळव. पहिलीवर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंदी घातली, कारण तिचं निमित्त करून लोक विनाकारण हॉर्न वाजवत राहतात. दुसरी इतकी रुळलेली, की २०१६ मध्ये टाटा मोटर्स आणि टीसीआय फाउंडेशनने ट्रकचालकांसाठी आणलेल्या कंडोमचं नावच ‘डिपर’ ठेवलं.

डिपर मारण्याचे अर्थ जागेप्रमाणे बदलतात. मागून दोनदा मारला तर साइड दे. समोरून एकदा मारला तर तुझा अप्पर चालू आहे, खाली कर. समोरून दिवसाउजेडी पुन्हा पुन्हा मारला तर पुढे काहीतरी आहे: अपघात, दरड, बंद पडलेली गाडी किंवा तपासणी. आणि अरुंद पुलाच्या तोंडाशी समोरच्याने लांबून लाईट मारला तर तो म्हणतोय, मी निघालोय, तू थांब. इथे परदेशात गाडी चालवलेल्यांची फसगत होते. ब्रिटनमध्ये समोरच्याने दिवे मिचकावले की लोक ‘तुम्ही आधी या’ असा अर्थ घेतात. खरं तर त्यांचा हायवे कोड तसं करायला मनाई करतो: दिवे फक्त आपण इथे आहोत हे कळवायला मिचकावावेत, दुसरा कोणताही निरोप द्यायला नव्हे, आणि दुसऱ्याने मिचकावले म्हणून वाट मोकळी आहे असं मानू नये. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही रात्री हॉर्नऐवजी दिव्याने इशारा देण्याची मुभा आहे. म्हणजे लेखी मान्य झालेला अर्थ मुख्यतः एवढाच: मी इथे आहे. बाकी सगळं त्या त्या मुलखाच्या समजुतीवर.

अप्पर न उतरवणं हा या भाषेतला सगळ्यांत मोठा उद्धटपणा, आणि त्याची किंमत डोळ्यांना मोजावी लागते. झगझगीत उजेड डोळ्यांवर पडला की अंधाराला सरावलेली दृष्टी जाते आणि परत यायला काही सेकंद लागतात. वय वाढतं तसे जास्त. ताशी ६० ने जाणारी गाडी पाच सेकंदांत ८० मीटरहून जास्त जाते. एवढा रस्ता माणूस अंदाजाने कापतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी म्हणूनच हेडलाइट खाली वळवता येण्याची सक्ती केली आहे. त्यासाठी दिलेलं माप असं, की दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला तो झोत दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. मोटारीत बसलेल्याचे डोळे त्याहून खाली, त्यामुळे उंच ट्रकचा डिपरही मोटारवाल्याला बोचतो; वर बाजारात मिळणारे पांढरे एलईडी बल्ब बसवले असतील तर विचारूच नका. जुन्या गाड्यांच्या हेडलाइटवर वरच्या अर्ध्या भागात काळा रंग फासलेला असायचा, तो यासाठीच.

अप्पर कधी उतरवायचा याचाही शिष्टाचार आहे. जो आधी दिसला त्याने आधी उतरवायचा. समोरच्याने उतरवला नाही म्हणून आपणही चढवायचा नाही. दोन आंधळे झालेले ड्रायव्हर एकापेक्षा जास्त धोक्याचे. अशा वेळी नजर समोरच्या झोतावर न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी.

चढ, पाऊस आणि चारही दिवे

कशेडी घाट हा रायगड आणि रत्नागिरीच्या सीमेवरचा. वर्षानुवर्षं मुंबई-गोवा महामार्गाची सगळी अवजड वाहतूक पोलादपूर सोडून हा घाट चढत आली. चढावर लोड गाडी चालीच्या वेगाला येते आणि मागे रांग लागते. घाटातला दंडक असा, की अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. नियमांतही तेच आहे आणि कारण साधं आहे: भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलणं जिकिरीचं, क्लच जळतो आणि गाडी मागे घरंगळण्याची भीती असते. उतरणारा लांबूनच एकदा डिपर मारून कडेला थांबतो. चढणारा जाताना हात वर करतो किंवा हॉर्न टिचकतो. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीचा नवा बोगदा एका मार्गिकेपुरता उघडला आणि घाटातल्या या देवघेवीतला बराच भाग संपला. भोरकडे जाणारा वरंध, महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी, या घाटांत ती अजून चालते.

पावसाळ्यात दिव्यांची कसोटी लागते. ओल्या डांबरावर पाण्याचा पापुद्रा असतो आणि तो आरशासारखा उजेड पुढे फेकतो. आपल्या हेडलाइटचा उजेड आपल्याकडे परत येत नाही, म्हणून रस्ता काळाठिक्कर दिसतो. तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यांत मात्र दुप्पट जातो. अप्पर लावला तर पावसाच्या सरीच चमकतात. अशा वेळी डिपरच हवा.

आणि याच वेळी बरेच जण चारही इंडिकेटर लावून गाडी चालवतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. चारही दिवे लुकलुकत असले की डावा-उजवा फरक उरत नाही. तो ट्रक ‘ये’ही म्हणू शकत नाही आणि ‘थांब’ही. त्यातून मागच्याला वाटतं, गाडी उभी आहे. चारही दिव्यांचा मूळ अर्थ तोच: बंद पडलेली किंवा अडकलेली गाडी, सांभाळा. चौकात सरळ जायचंय म्हणून चारही दिवे लावण्याची आपल्याकडची रीत तर आणखी घातक, कारण बाजूने बघणाऱ्याला त्यातला एकच दिवा दिसतो आणि त्याला वाटतं गाडी वळणार. जपानमध्ये वाट दिल्याबद्दल एक-दोनदा चारही दिवे लुकलुकवून आभार मानतात. ते शोभतं, कारण तिथे ते दोन क्षणांत बंद होतात.

चौपदरीवर

जुना राष्ट्रीय महामार्ग १७, आताचा ६६, पनवेलपासून रुंद करण्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि रेंगाळत रेंगाळत पुढे सरकलं. दुभाजक आला की ओव्हरटेकचं गणित बदलतं. समोरून कुणी येणार नसतं, त्यामुळे पुढच्याचे डोळे उसने घ्यायची गरज राहत नाही. ‘ये’ म्हणणारा डावा इंडिकेटर इथे ‘मी डाव्या मार्गिकेत जातोय’ एवढंच सांगतो, जे त्याचं पुस्तकी काम. मागून मारलेला डिपर ‘समोर मोकळं आहे का?’ असं विचारत नाही; ‘बाजूला हो’ असं सांगतो. विनंतीचा हुकूम होतो. एकदा-दोनदा मारून थांबणं ठीक. पुढच्याच्या आरशात अप्पर रोखून बसणं ही दादागिरी.

अवजड गाड्यांनी डावीकडून चालावं हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पाळला मात्र कमीच जातो. ट्रकवाल्यांची बाजूही ऐकावी अशी आहे: डाव्या मार्गिकेत उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली, थांबलेल्या सहा आसनी रिक्षा, भाजीवाल्यांचे टेम्पो आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे. मग तो उजवीकडे जातो आणि मागचे सगळे डावीकडून, त्याच्या आंधळ्या बाजूने जाऊ लागतात. पूर्वी तिथे क्लीनरचे डोळे होते. आता ते नसतील तर डावीकडून जाणाऱ्याला ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर ड्रायव्हरलाही आपण दिसत नाही.

चौपदरी संपून एकदम दुपदरी लागते, त्या जोडावर जास्त सांभाळावं लागतं. सवय एका व्याकरणाची, रस्ता दुसऱ्याचा. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनला जाणारे सगळे महामार्गाचा वेग अंगात घेऊन या जोडांवरून किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यांवर उतरतात.

होकार आणि जबाबदारी

डावा दिवा देणारा ट्रकवाला भल्या मनाने देतो. पण त्याला दिसतं ते त्याच्या जागेवरून आणि त्या क्षणाचं. मागच्या गाडीला किती दम आहे, ती भरलेली आहे की रिकामी, तिच्या ड्रायव्हरला निघायला किती वेळ लागेल, हे त्याला ठाऊक नसतं. त्याने ‘ये’ म्हटलं ते पिकअपला उद्देशून असेल. तिच्या मागोमाग घुसलेल्या तीन मोटारींना तो होकार लागू नाही. किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर सुट्टीच्या दिवशी हेच सर्रास दिसतं: एकासाठी दिलेल्या साइडमधून चौघे निघतात आणि चौथ्याच्या समोर एसटी येते.

म्हणून मागच्याने तीन गोष्टी स्वतःकडे ठेवाव्यात. होकार मिळाल्यावरही बाहेर डोकावून समोरचं आपल्या डोळ्यांनी बघणं. पुढे परत आत शिरायला जागा आहे याची खात्री करणं. आणि हे दोन्ही होत नसेल तर पुढच्याचा डावा दिवा कितीही वेळ लुकलुकत असला तरी मागेच राहणं. ट्रकवाल्याला त्यात अपमान वाटत नाही. तो दिवा बंद करतो आणि पुढचा सरळ टप्पा आला की पुन्हा लावतो.